तिसऱ्या रांगेतली पाहुणी

नाटक बघता बघता मी एकदा रंगमंचावरच्या बाईला उत्तर दिलं, एवढी मी शहाणी! डब्यावर फॉइल लावताना अजून हसू येतं. नवं लग्न होऊन परदेशात, बेडोकला आले होते. नवरा ऑफिसला गेला की दिवसभर मराठीत बोलायला राइस कुकरखेरीज कुणी नसायचं. तेव्हा तिथल्या मराठी मंडळानं रशियन विनोदी एकांकिका केली. त्यात व्यापाऱ्याची बायको बड्या सरदारांना चहाला बोलावते आणि एकही येत नाही. कुकरलाच फॉइल गुंडाळून केलेल्या समोवारापाशी, म्हणजे रशियन चहाच्या बंबापाशी, ती रडवेली होऊन म्हणाली, “कुणीच येणार नाही का?” मी तिसऱ्या रांगेतून ताडकन उभी राहिले, “अहो, मी येते ना!” सभागृह खदखदून हसलं, नवऱ्यानं पदर ओढून खाली बसवलं. नंतर रंग न पुसताच ती बाई माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “रडण्याचा सीन घालवलात माझा! आता उद्या चारला चहाला यायचंच. खरंच कुणी येत नाही हो माझ्याकडे.”