अनंताची पंगत

गणितावर विनोदी नाटिका लिहिणं हा गुन्हा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात त्याबद्दल दुमत आहे.

टेंभुर्णीच्या शाळेत मी गणित शिकवतो. गणेश मंडळाकडे नाटिकेसाठी दहा मिनिटं मागितली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "सर, गणित आन् नाटक? एक माणूस जरी निघून गेला ना, तर पुढल्या साली तुमच्या जागी संगीत खुर्ची!"

"एकही जाणार नाही!" मी म्हणालो. (हट्टाला पेटलो की मी घरच्यांचासुद्धा विचार करत नाही.)

नाटिका होती अनंतावर. कधीच न संपणारी पंगत बसली आहे, एकही पान रिकामं नाही आणि एक पाहुणी येते. वाढपी ओरडतो, "एकेक पान सरका!" प्रत्येक जण शेजारच्या पानावर सरकतो आणि पहिलं पान मोकळं होतं. पंगतीला शेवटच नाही, म्हणून कुणाचीच जागा जात नाही. आहे की नाही गंमत? घरात कुणीही हसलं नाही.

शाळेतून नट मिळेनात, म्हणून घरचीच आठ माणसं बसवली. मी वाढपी, बायको पाहुणी. स्टेज म्हणजे कडेचे फाळके पाडून शेजारी शेजारी लावलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. अगदी टोकाला काका. त्यांना मी बजावलं, "तुमच्या पुढंही पंगत चालूच आहे असं समजा. खाली बघायचंच नाही!" काकांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही. नेमकं माझं ऐकलं.

पहिल्या पानावर बहिणीचे यजमान, आमचे दाजी. ते तालमीला एकदाही आले नाहीत. (जावयाला तालमीला बोलावतात का, हे आईचं म्हणणं.) प्रयोगाच्या दिवशी थेट राजूरहून आले आणि मांडी घालून बसले.

पाहुणी आली. मी ओरडलो, "एकेक पान सरका!"

दाजी ढिम्म.

"दाजी, सरका ना!"

"मी कामून सरकू? जावयाला पानावरून उठवतेत व्हय?"

"अहो, नाटक आहे हे!"

"मंग नाटकात मान नसतो का?"

"दाजी बराबर बोलून राह्यले," पंगतीत बसलेली आई म्हणाली. "पाव्हण्याला बिलकुल उठवू नको!"

"उठू नका दाजी!" समोरून लोकांनी साथ दिली. मागची दोन-चार मंडळी चपला शोधायला लागली. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला! दाजींना उठवायची गरजच काय? पंगत अनंत आहे. दुसऱ्या पानापासून सरकले तरी जागा होतेच! जावयाचा मानही राहतो आणि गणितही.

मी पळी उंचावून गर्जलो, "दाजी, बसा! बाकीचे सरका!"

एकामागून एक सगळे सरकू लागले. दुसरं पान मोकळं झालं, बायको बसली. टाळ्या! शिट्ट्या! चपला शोधणारे परत बसले. मी कमरेत वाकलो, तोवर पाळी टोकाला पोचली आणि खाली न बघता काकाही सरकले, थेट ट्रॉलीपलीकडे!

प्रेक्षकांतून कुणीच गेलं नाही. गेले फक्त काका, तेही जीपमधून, दवाखान्यात.

"एक माणूस गेला, सर," अध्यक्ष म्हणाले.

"काका नट आहेत, प्रेक्षक नाहीत!" मी तासभर भांडलो आणि पुढल्या सालची दहा मिनिटं घेऊनच घरी गेलो.

काकांच्या प्लास्टरमधल्या पायाशी बसून मी जाहीर केलं, "हीच नाटिका पुन्हा करणार. एक ओळ कापणार नाही!"

"कर की," काका शांतपणे म्हणाले. "पर पुढल्या टायमाला शेवटल्या पानावर तू बस."

या पंगतीला शेवटचं पान नसतंच, हे मी अख्ख्या गावासमोर सिद्ध केलेलं. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? बसणार आहे. गणितावर माझा ठाम विश्वास आहे. ट्रॉलीखाली गाद्या मात्र चार सांगितल्यात.