जावयाच्या जीन्समधलं सुईचं टोक

मी वाघाला भीत नाही, कारण पालममध्ये वाघ नाही. जावयाला मात्र भिते, आणि गेल्या अधिक महिन्यात तो पहिल्यांदाच धोंड्याच्या जेवणाला आला होता.

गणिताचा मास्तर. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. "ते जीन्सच घालतात," असं लेकीनं बजावलं होतं, म्हणून मानाच्या कपड्यांत परभणीहून जीन्स आणली. कंबर बरोबर बसली. पाय फरशी पुसायला लागले. लेक माझ्या कानाशी आली. "उंचीचं नाव काढू नकोस. त्यांना लय लागतं." नवे कपडे अंगावर असतानाच ओवाळायचं असतं. धोंडे तळून तयार, गावातला शिंपी लग्नाला गेलेला. मी पदर खोचला. इतकी वर्षं ब्लाऊज शिवतेय, जीन्सची काय मिजास!

चार बोटं कापड कापलं, दुमड घातली, पायडल मारलं. पहिला पाय झोकात झाला. दुसऱ्या पायाला बाजूची जाड शिवण आडवी आली. तिथं कापडाचे थरावर थर. अशा जागी पायडल सोडून चाक हातानं फिरवायचं, हे मीच गल्लीतल्या पोरींना दटावून शिकवलेलं. पण तेवढ्यात बाहेरून हाक आली, "आई, ते कवाचे बसलेत!" आणि माझा पाय दाबला गेला.

कट्ट!

अर्धी सुई वर राहिली. खालचं टोक गायब.

मोडकी सुई अंगात शिरली की चालत चालत काळजापर्यंत जाते, असं आमच्याकडं सांगतात. आपला नाही बाई असल्यावर विश्वास, असं मी चारचौघांत सांगते. त्या खोलीत चारचौघे नव्हते.

फरशी चाचपली. मशीनखाली मोबाईलचा उजेड मारला. दुमड बोटांनी दाबून पाहिली, पण त्या घडीत सुई काय, कुलूपसुद्धा लपलं असतं. फ्रिजवरचं चुंबक आणून फिरवलं, तर ते चेनलाच चिकटून बसलं. नवी सुई लावून उरलेली शिवण कशीबशी मारली. आता पुन्हा नीट शोधू म्हणते, तोच लेक आत आली आणि जीन्स उचलून पसार. तिला थांबवायला तोंड उघडलं. पण सांगू काय? तुझ्या नवऱ्याच्या घोट्यापाशी बहुतेक सुई आहे?

जावई पाटावर मांडी घालून बसला. तो दुसरा पाय नेमका खाली.

"बसा, ऐसपैस बसा," आमचे हे म्हणाले. मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. जावई जरा हलला की माझी नजर त्या घोट्यावर. माझ्या हातातल्या ताटात निरांजनाची ज्योत नाचायला लागली.

"हात का थरथरायलेत गं तुझे?" ह्यांनी विचारलं.

जावयानं गुडघा उचलला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "स्स!"

"जावईबापू, प्यांट काढा!"

हे मी म्हणाले. ओवाळणीचं ताट हातात धरून. शेजारच्या दोघी आल्या होत्या, त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"आई!" लेक किंचाळली. "काय बोलायलीस?"

"सुई हाय त्यात! मोडलेली! टोक घावंना!"

गणिताचा मास्तर इतक्या चपळाईनं उठलेला मी तरी पाहिला नव्हता. दोन मिनिटांत तो सासऱ्याची लुंगी नेसून, जीन्स घेऊन माझ्यासमोर फरशीवर बसला. तो कापड ताणून धरी, मी ब्लेडनं टाके उसवी. माझं ब्लेड घसरत होतं.

"मामी, सावकाश," तो म्हणाला. लग्नानंतर मला म्हटलेलं त्याचं हे पहिलंच वाक्य.

जाड शिवणीच्या पोटात ते होतं. भाताच्या शितापेक्षाही बारीक, अणकुचीदार, तोंड थेट घोट्याकडं. ते दिसलं आणि मी ब्लेड खाली ठेवलं. इतका वेळ नुसती धास्ती होती. ते खरंच तिथं असेल, असं मनातून मला वाटलंच नव्हतं.

"टोचलं का हो?" मी कसंबसं विचारलं.

"नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या."

त्यानं ते टोक रिकाम्या काडेपेटीत घातलं, पेटी माझ्या हातात दिली आणि पुन्हा पाटावर जाऊन बसला.

"ओवाळा आता," तो म्हणाला. "लुंगीवरच."

ज्योत तरीही नाचतच होती.