तोंड मिटून पाहिलेला समुद्र

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही तासगावच्या आजीला विचारलंत, "पोपटी मासा केवढा होता?" मला कुणी काहीच विचारलं नाही. ती समुद्रात उतरली आणि मी टॉवेल घेऊन काठावर बसले, असा तुमचा समज झालेला दिसतो. तो पक्का व्हायच्या आत हे लिहून पाठवते आहे.

सुरुवात तुमच्या पुण्याच्या आजीपासून झाली. नाताळात विहीणबाई तुमच्याबरोबर अंदमानच्या बेटावर गेल्या आणि इथे साताऱ्यात माझा फोन फोटोंनी भरून गेला. विहीणबाई छोट्या होडीत वल्हं मारताना. विहीणबाई केशरी जाकीट घालून केळ्याच्या आकाराच्या बोटीवर, मागे तुम्ही दोघं. शेवटी तोंडात नळी धरलेल्या विहीणबाई, खाली तुमचा मजकूर: "आजीने मासे पाहिले!" ज्यांना पोहता येत नाही, त्यांनी! मी "छान" एवढंच लिहिलं.

मला पोहता येतं. इंग्रजी मी पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकले, पण पोहायला शिकले ते सुट्टीत, शिराळ्याजवळच्या आमच्या विहिरीत. चुलते पाठीला सुकवलेला भोपळा बांधायचे आणि काठावरून ढकलून द्यायचे. त्यांचा नियम एकच होता: पाण्यात पडलीस की तोंड मीट. उघडलं की पाणी पोटात, आणि वर चुलत भाऊ हसायला टपलेलेच.

तुमची तासगावची आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिची द्राक्षबाग आहे. यंदा बेदाणा तयार होऊन गेला आणि छाटणीला अजून अवकाश होता, तेव्हा मी तिला म्हटलं, चल अंदमानला. मला सोबत हवी होती. तिला पोहता येत नव्हतं, तेही मला सोयीचंच वाटलं.

किनाऱ्यावर सूचनांचा इंग्रजी फलक होता. मी तो नीट वाचून तिला मराठीत समजावला: मास्कमध्ये नाक बंद राहतं, श्वास नळीतून तोंडानेच घ्यायचा, घाबरायचं नाही. तिने मान हलवली, रबरी रिंग धरली, शिकवणाऱ्याच्या मागून गेली आणि डोकं पाण्यात घातलं. ते वर काढेचना.

मीही रिंग धरून डोकं पाण्यात घातलं आणि माझं तोंड मिटलं. ओठ नळीवर असे आवळले की श्वास कोंडला. वर आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. शिकवणारा ओरडत होता, "आंटीजी, मुँह से!" कळत होतं हो मला.

"आक्का!" जाऊ नळी काढून ओरडली. "आवं, लय मासं हाईत हितं! एक तर पोपटावानी हिरवागार. या की!"

"येते."

"तोंडानं श्वास वढा. तुमीच सांगितलं न्हवं?"

"गप गं. तू खाली बघ."

"बगतीया की. तुमीच आबाळाकडं बगायला लागलाय."

तिची बाग, तिच्या घरात तिच्या मांडीवर वाढलेली नातवंडं, या सगळ्याचा हेवा मला पूर्वीपासून होताच. आता त्यात मासेही आले. घरी जाऊन तुम्हाला काय सांगणार होते मी? फलक छान होता म्हणून?

मी नळी काढून शिकवणाऱ्याच्या हातात दिली, रिंग सोडली, तोंड मिटलं आणि बुडी मारली. खाली कोबीच्या गड्ड्यांसारखी तपकिरी प्रवाळं होती. काळ्या पट्ट्यांचा एक बोटभर मासा माझ्याकडे वळला, क्षणभर तसाच थांबला आणि गेला. हिरवा कुठेच दिसेना. दम संपला. वर आले तेव्हा शिकवणारा संतापला होता. रिंग सोडायची नाही हा त्यांचा नियम. त्याने मला हाताला धरून बाहेर आणलं आणि वाळूवर बसवलं. तुम्ही पाहिलेला टॉवेलचा फोटो त्यानंतरचा आहे. तो जाऊने हौसेने काढला आणि मला दाखवायच्या आधीच तुम्हाला पाठवला.

पोपटी मासा मी पाहिला नाही. त्याबद्दल तिलाच विचारा, ती रंगवून सांगेल. मला काळ्या पट्ट्यांच्या माशाबद्दल विचारा. विहीणबाईंचा हेवा थोडा ओसरला आहे, जाऊचा तेवढाच वाढला आहे. बुडी मात्र मला अजून मारता येते.