भराव घट्ट होईपर्यंत

गुजरातेत दारूबंदी, म्हणून वापीहून सिल्वासाला लोक बाटलीसाठी जातात. मी बायकोसाठी चाललो होतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. टेम्पोत शेजारच्या गुजराती काकांनी माझ्या मांडीवरचं टॉवेलात गुंडाळलेलं लांबोडकं चाचपलं आणि ते दचकलेच.

"अरे साहेब, ऊंधा चाल्या (उलटे निघालात)! बाटली तिकडून आणायची असते!"

नाटकाचा पडदा सारावा तसा मी टॉवेल बाजूला केला. आत राखाडी, गोल ठोकळा. "हा माझा भराव!" काका जरा सरकूनच बसले.

माझी नोकरी राजस्थानात, जमिनीखालच्या खाणीत. खनिज काढलं की आत देवळाच्या सभामंडपाएवढी पोकळी उरते. धातू काढून उरलेली रेती, पाणी आणि थोडंसं सिमेंट कालवून आम्ही ती भरतो. भराव घट्ट झाला की शेजारचा खडक फोडायचा. तेव्हा भरावाची एक अख्खी बाजू उघडी पडते, आणि ती ढासळली तर खाली माणसं असतात. म्हणून घट्ट होईपर्यंत कोणी घाई करत नाही, आणि तेवढीच मला रजा. सुधा, माझी बायको, सिल्वासाच्या सरकारी शाळेत शिकवायची. आमचा संसार असा भरावाच्या सवडीने चालला होता. खाणीच्या भीतीने ती तिकडे येत नव्हती. या खेपेला तिला न्यायचंच, म्हणून हा पुरावा बरोबर.

सुधाच्या खोलीवर पोचतो तर शेजारचे धुळ्याचे पाटीलभाऊ भरीत-भाकरी घेऊन हजर. ते जवळच्याच मसाट गावातल्या सुताच्या कारखान्यात होते.

"साहेब, आमच्याकडे सुपरवायझरची जागा रिकामी शे (आहे). या ना इकडेच!"

सुधाने माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे.

दुसऱ्या दिवशी राखोलीला दमणगंगेच्या काठी बसलो. पाणी संथ, पलीकडे कारखान्याचं धुराडं. मी ठोकळा तिच्या ओंजळीत दिला.

"बघ, दगड आहे दगड!"

तिने केसातला आकडा काढून ओरखडा मारला. भुरुभुरु रेती गळली.

"अहो, ही तर नानकटाई! हिच्या भरवशावर मी तिकडे येऊ?"

"त्याला डोंगर नाही पेलायचा गं. शेजारचा खडक गेला तरी आपल्या आपण उभं राहायचं, बस्स."

"एवढंच?" पदरावरची रेती झटकत ती म्हणाली. "ते तर मी इथे करतेच आहे."

मी ठोकळा परत टॉवेलात गुंडाळला. मग म्हणालो, "एकदा या भरावाची भिंत उभी राहिलेली बघू दे. मग मसाटला येतो."

"तोवर जागा थांबेल?"

"थांबेल, थांबेल!"

खाणीत परतलो. शेजारचा खडक फुटला, धूळ बसली, आम्ही लांबूनच दिवे रोखले. भिंत उभी! कोपऱ्यातून थोडी रेती ओघळली, तेवढंच. मी तिथेच नाचून घेतलं आणि वर येताच एसटीडी बूथ गाठून शाळेत फोन लावला.

"सुधा, उभी राहिली! आता येतो. मसाटची जागा?"

"भरली." ती म्हणाली. "पक्की. सिमेंट घालून."

दोघंही खूप हसलो. हसणं संपलं तेव्हा तिकडे पोरं पाढे म्हणताना ऐकू आली. तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.