नैरोबीला घेतलेलं घर

लग्नानंतर नवव्या महिन्यात माझे यजमान नैरोबीला गेले. तिथे बांधकाम खात्यात त्यांना नकाशे काढण्याची नोकरी मिळाली होती. मी धुळ्याला भाड्याच्या घरात सासऱ्यांजवळ राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची. मामलेदार कचेरीत जन्म घालवलेला शिस्तीचा, कमी बोलणारा माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून आलेलं पत्र मीच त्यांना वाचून दाखवायची. यजमानांनाही हे ठाऊक होतं. नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या पत्रात सासऱ्यासमोर वाचण्याजोगं जेवढं असतं, तेवढंच ते लिहायचे.

तिसऱ्या वर्षी एक जाड पाकीट आलं. आबा ओट्यावर बसले होते. मी वाचायला सुरुवात केली.

"घर घेतलं. अगदी नवं आहे, भिंतींचा चुना अजून ओला आहे. आपल्याकडच्या लोकांसाठी नवी वसाहत बांधली आहे, त्यातलं. दगडी बांधणी, वर कौलं. नळ घरातच. आता तुम्ही दोघं या."

आबांनी पत्राचा कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाले, "दाराचं तोंड कुणीकडे?"

"ते लिहिलं नाही."

"विचार."

पत्रासोबत पातळ कागदावर काढलेला घराचा नकाशा होता. तो मी आत नेऊन पाहिला. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणखी तीन खोल्या. एकीत त्यांनी सुबक अक्षरांत 'आबा' असं लिहिलं होतं. दुसरीत 'आपण'. तिसरी अगदी छोटी होती, तिच्यात काहीच लिहिलं नव्हतं. ती खोली मी आबांना वाचून दाखवली नाही.

दाराचं उत्तर यायला महिना लागला. दार उत्तरेला होतं. पण त्यांनी पुढे लिहिलं होतं की इथे सहा महिने दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे सुरुवातीला दिशांचा गोंधळ होतो. आबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. संध्याकाळी ते काठी टेकत शाळेतल्या मास्तरांकडे गेले आणि खात्री करून आले.

"खरं आहे म्हणतात," ते म्हणाले. "पण ज्या गावात सूर्यच उत्तरेला, तिथे या वयात मी काय करू, बाई? तू जा."

ठरलं ते असं. मी जायचं, आणि आबांनी पारोळ्याला माझ्या नणंदेकडे राहायचं. धुळ्यातल्या स्टुडिओत मी फोटो काढून घेतला. पासपोर्टाची चौकशी करायला पोलीस आला, त्याने ओट्यावर बसून चहा घेतला आणि शेजारच्या दोन घरांत माझ्याविषयी विचारलं. त्या दिवशी मी परदेशी निघाल्याचं सगळ्या गल्लीला कळलं. तिकडून यजमान विचारायचे, पुढच्या खोलीला रंग कोणता द्यायचा? मी लिहिलं, फिकट पिवळा. स्वयंपाकाचा ओटा उभ्याने करायचा असा आहे, चालेल का? मी लिहिलं, चालेल. उभ्याने भाकरी कशी थापायची, याचा विचार मी चुलीपुढे बसून करायची आणि एकटीच हसायची.

पण कागद पुढे सरकेनात. कधी इथला शिक्का राहिला, कधी तिथला परवाना आला नाही. उन्हाळा लागला. आमच्या गल्लीत बायका मिळून बिबड्या करायच्या, ज्वारीच्या पिठाचे पापड. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या. मी माझी ज्वारी निवडून ठेवली आणि शेजारच्या काकूंना विचारलं, "माझी पाळी कधी धरली?"

त्या म्हणाल्या, "तू ते आते चालनी माय. तुनं कसाले धरू?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी मला आत बोलावलं, पाटावर बसवलं, बशीत पापडाच्या शिजवलेल्या पिठाचा ऊन ऊन चीक आणि वर तेल दिलं. मी हात धुऊन पापड घालायला पुढे झाले तर दोघीतिघींनी मला मागे ओढलं. "राहू दे, तू बस." मागच्या साली याच अंगणात माझे हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते. आता मी पाहुणी होते. त्या पुढच्या लग्नसराईचं, दिवाळीचं बोलत होत्या आणि त्यातल्या कशातच मला धरत नव्हत्या. मी चीक संपवला आणि घरी आले. माझा परवाना त्यानंतर आणखी सहा महिने लांबला, आणि ते सहा महिने मी त्या गल्लीत असून नसल्यासारखी राहिले.

दिवाळीनंतर परवाना आला. मी आबांना प्रवासी मोटारीने पारोळ्याला पोचवलं. नणंदेने त्यांची खाट खिडकीशी टाकली होती, मुलं हाताशी होती. मी निर्धास्त परत आले आणि ट्रंक भरायला घेतली.

आठव्या दिवशी दुपारी दार वाजलं. आबा. त्यांचा हात धरून मोटारीतला कुणी अनोळखी शेतकरी उभा होता, तो त्यांना दारापर्यंत सोडून पाणीही न पिता गेला.

"आबा, काय झालं? ताईंनी काही..."

"छे. फार चांगले वागतात." ते चाचपडत खुंटीपर्यंत गेले, टोपी अडकवली. "पण तिथे मला कुणी काही विचारत नाही गं."

एवढंच बोलले. मला आणखी विचारायची गरज पडली नाही. पाटावर बसून चीक खाताना मला काय वाटलं होतं, ते मी विसरले नव्हते.

"तू थांबू नकोस," संध्याकाळी ते म्हणाले. "मी एकटा राहीन."

"तांब्या हाताशी असला तरी दिसत नाही तुम्हांला."

"सवय होते."

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं, आणि त्याच आठवड्यात तसं नैरोबीला कळवलं. मनातून मला वाटत होतं, ते लिहितील, वाट पाहतो. किंवा रागावतील तरी. चार ओळींचं उत्तर आलं. तू केलंस ते योग्यच, आबांना जप, इकडे पाऊस चांगला आहे.

त्यानंतर त्यांच्या पत्रांतून घर नाहीसं झालं. मी विचारायची, रंग कसा दिसतो? परसात काही लावलंत का? उत्तरात कचेरी असायची, हवा असायची, घर नसायचं. आबा ऐकून विचारायचे, "बस? एवढंच?" मी म्हणायची, "एवढंच."

पुढच्या थंडीत आबा गेले. तारेने कळवलं, पण यजमानांना पोचणं शक्य नव्हतं. दिवस झाल्यावर मी लिहिलं, आता मला कशाचा अडसर नाही, मी येते. ते पत्र वाटेत असतानाच त्यांचं मला मिळालं. घर विकलं, नोकरीचा राजीनामा दिला, पुढच्या बोटीने निघतो.

ते परत आले तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना जपून वागवणारी, जवळजवळ परकी माणसं होतो. त्यांना जळगावला बांधकामाच्या कंत्राटदाराकडे काम मिळालं आणि आम्ही दोन खोल्या घेतल्या. घराचा विषय मी काढला नाही. वर्षभराने एकदा जेवताना तेच आपणहून बोलले.

"मी एकाच खोलीत राहायचो. तिथेच स्टोव्ह, तिथेच खाट. बाकीच्या खोल्या उघडायचोच नाही."

मी हात थांबवून ऐकत होते. इतकी वर्षं मी त्यांना मनाशी त्या सगळ्या घरात वावरताना पाहत आले होते.

"घर बघायला एक गुजराती कुटुंब आलं," ते म्हणाले. "बाई आल्याबरोबर एकेक खोलीत शिरली आणि खिडक्या उघडत सुटली. मुलं ओरडत पळत होती. मी बाहेर पायरीवर उभा होतो. तेव्हा पहिल्यांदा त्या घरातून आवाज ऐकला."

"मग?"

"मग काय. दिलं त्यांना."

त्या न पाहिलेल्या बाईचा मला विलक्षण हेवा वाटला. तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी मान हलवली आणि ताट थोडं पुढे सरकवलं. मी आणखी भात वाढला.