दोन केबिनमधलं दार

“पोरांचा आवाज येणार न्हाई अशी बोट पायजे, भाऊ. पैशाचं नंतर बघू.”

कदम समोर बसले होते. मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. माझं टूर्सचं ऑफिस पिंपळे सौदागरला आहे. मुलं नकोत म्हणणारी जोडपी येतच असतात. मी सवयीने विचारलं, सेकंड हनिमून का, राव? ते कसनुसं हसले. मग त्यांनी सांगितलं. एकुलता एक मुलगा तापाने गेला होता. तेव्हापासून त्यांच्या पत्नीने, मंगलताईंनी, रावेतच्या फ्लॅटची बाल्कनी उघडली नव्हती. खाली सोसायटीची मुलं खेळतात. तिला थोडे दिवस मोकळ्यावर बसता यावं, एवढंच कदमांना हवं होतं.

क्रूझच्या धंद्यात ‘ॲडल्ट्स ओन्ली’चे दोन अर्थ होतात. एक, अख्ख्या बोटीवर अठराच्या आतलं कोणी नाही. दुसरा, बोट सगळ्यांची, पण एक डेक फक्त मोठ्यांसाठी. पहिल्या प्रकारची बोट परदेशातून घ्यावी लागली असती आणि ताईंकडे पासपोर्ट नव्हता. कदम मात्र ‘ॲडल्ट’ शब्दालाच बिचकले. “तसलं काय नको हां, ती घरात घेणार न्हाई मला.” त्या दिवशी तेवढंच आम्ही मनापासून हसलो.

मुंबईहून सुटणारी, मोठ्यांचा वेगळा डेक असलेली बोट ठरवली. कदमांच्या कंपनीत शटडाउनला, म्हणजे कारखाना बंद ठेवतात तेव्हा, सगळ्यांना एकदम रजा मिळते, पण तेव्हा शाळांनाही सुट्टी असते. म्हणून तो काळ टाळला. कदमांनी साहेबांशी वाद घालून शाळा चालू असतानाची रजा मिळवली. ताईंना गाडी लागते, हे मी आवर्जून विचारून घेतलं होतं. म्हणून केबिन बोटीच्या मध्यभागी घेतली. तिथे हलणं कमी जाणवतं.

ती कनेक्टिंग केबिन होती. म्हणजे शेजारच्या दोन केबिनमध्ये एक दार असतं. मोठं कुटुंब असलं तर ते उघडतात, नाहीतर कुलूप. बुकिंग करताना मला नकाशावर त्या दाराची खूण दिसली होती. म्हटलं, कुलूप तर असणारच. आवाजाचा विचार मी केला नाही. आवाज नको, एवढंच तर कदमांनी माझ्याकडे मागितलं होतं.

पहिल्या संध्याकाळी कदमांनी फोटो पाठवला. ताई वरच्या डेकवर खुर्चीत, हातात चहा, तोंड समुद्राकडे. मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

दुसऱ्या दिवशी बोट गोव्याला लागल्यावर त्यांचा फोन आला. शेजारच्या केबिनमध्ये एक मराठी कुटुंब होतं, शाळा बुडवून मुलाला घेऊन आलेलं. सकाळी तो मुलगा उठला आणि त्याने आईला हाक मारली.

“ही झोपंतून उठली, भाऊ. ‘आले रे’ म्हणाली. आन् दाराची कडी शोधाय लागली.”

मी क्रूझ कंपनीला फोन लावला, आवाज चढवला आणि दुसऱ्या टोकाची केबिन मिळवली. कदमांना कळवलं.

“ती हलंना,” ते म्हणाले. “दाराला टेकून बसलीय.”

उरलेली सगळी ट्रिप ताई तिथेच बसून होत्या. वरच्या डेकवर त्या पुन्हा गेल्या नाहीत.

परत आल्यावर कदम भांडायला येणार, असं मी धरून चाललो होतो. आले ते दोघं. मी ताईंना प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होतो. कदम खाली बघत राहिले. बोलल्या ताईच.

“भाऊ, तीच खोली परत मिळंल का?”

“खोली मिळेल, ताई. शेजारी कोण येईल, ते माझ्या हातात नसतं.”

त्यांनी थोडा विचार केला. “असू द्या,” म्हणाल्या. “कुणीतरी यीलच की.”

मी म्हणालो, बघून कळवतो. अजून कळवलेलं नाही. कदमांचा फोन आला की मी उचलत नाही.

आता केबिन देताना मी आधी दार बघतो, मग मध्यभाग. बोट लागली तर गोळी तरी देता येते.