मोटारसायकलचं टोपडं

आमच्या धाकट्या भावाला सगळे ‘ताडपत्री’ म्हणतात. त्याची बायकोसुद्धा म्हणते, पण रागात असली तरच. म्हणजे रोजच. जन्मभर ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या शिवल्या त्यानं. त्याच्या शिवणीतून थेंब आत आलाच, तर तो बिचारा वाट चुकलेला समजायचा.

साठीला टेकल्यावर ह्या गृहस्थानं लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली. जुनी, पण केवढी! दोन्ही अंगांना पेट्या, पुढे काच, मागच्याला टेकायला पाठ. गाडी आली आणि सोबत पावसाची धास्ती आली. ढग दिसला की हा चादर घेऊन अंगणात! त्यात शेजारच्या मिस्त्रीनं तेल ओतलं.

“हवेच्या वाटेनं पाणी आत गेलं की इंजिन कामातून गेलं. त्यापेक्षा मला देऊन टाका.”

त्याचा डोळा पहिल्या दिवसापासून गाडीवर.

एकदा लेकीचं नवं घर बघायला जायचं ठरलं. भावजयीनं शर्त घातली, “ह्या धुडानं मला वाटेत एकदा जरी उभं केलं, तर उद्या ते मिस्त्रीच्या दारात. कबूल?”

धाकट्यानं मान डोलावली आणि मशीनवर बसला. गाडीच्या इंजिनाला त्यानं चक्क ताडपत्रीचं टोपडं शिवलं. दुहेरी शिवण, कडेला रबर, वर आवळायला दोरी. उरलेल्या कापडात बायकोचा रेनकोट. त्यालाही टोपी, टोपीलाही दोरी.

निघालो. शर्तीचा साक्षीदार म्हणून मी मागून माझ्या म्हाताऱ्या स्कूटरवर. तिला पावसाचं काय कौतुक, ती कोरड्यातही खोकते.

अर्ध्या वाटेवर पाऊस आला. धाकटा थांबला, गाडीची दोरी आवळली, बायकोची आवळली, आणि ऐटीत निघाला. पुढच्या वळणावर मोटारसायकलनं दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली.

माझी स्कूटर खोकत खोकत त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. जळजळीत नजरेनं बघितलं त्यानं तिच्याकडे.

“दादा, पाणी शिरलं रे!”

त्यानं टोपडं सोडलं, प्लग काढला, पुसला. प्लग कोरडा ठणठणीत. परत बसवला, कळ दाबली, गाडी सुरू! त्यानं घाईघाईनं दोरी आवळली, गाडी बंद.

“बघितलंस? फटीतून शिरतंय!” म्हणत त्यानं आणखी एक गाठ मारली.

तिसऱ्या खेपेला तर तो गुडघ्यावर बसून दातांनी दोरी ओढत होता. मागे भावजय उभी. टोपीतून नुसतं नाक बाहेर, तेही लाल झालेलं.

“अहो ताडपत्री,” ती आतून गुदमरत म्हणाली, “आधी माझी दोरी सोडा. श्वास कोंडलाय माझा!”

त्यानं सोडली. तिनं भरभरून श्वास घेतला, आणि गाडीकडे बघतच राहिली.

“भाऊजी, हिचंही तेच झालंय हो! पाणी कुठलं जातंय, ह्यांनी हवासुद्धा जाऊ दिली नाही!”

आणि तिनं दोन्ही हातांनी टोपडं खेचून काढलं. गाडी पहिल्या फटक्यात गरजली. भर पावसात, उघड्या अंगानं!

धाकट्याचा चेहरा मात्र उतरला. “पण उभी तर राहिली ना... शर्त म्हणजे शर्त.”

“शर्त म्हणजे शर्तच,” भावजय मागे बसत म्हणाली. “पण मला उभं केलं ते गाडीनं नव्हे, तुम्ही. तेव्हा उद्या मिस्त्रीच्या दारात तुम्ही जायचं. गाडी माझ्याकडे राहील.”

लेकीच्या दारात आम्ही तिघंही निथळत उतरलो. लेक टॉवेल घेऊन धावत आली, तर तिच्या बापानं तो हिसकावून आधी मोटारसायकल पुसली.

मिस्त्रीला मी सगळी हकिकत सांगितली. म्हणाला, “तुमचा भाऊ नको. टोपडं असेल तर द्या, माझं छप्पर गळतंय.”